उजवी नळी उजवीकडे मारते: दुनळी बंदुकीच्या नळ्यांची जुळणी, एक प्रकरण

परवान्यावर ‘डीबीबीएल १२ बोअर’ (मागून भरायची दुनळी, नळीचं माप १२) अशी नोंद असलेली साधी बॉक्सलॉक, म्हणजे नळ्यांमागच्या पेटीतच चापाची यंत्रणा असलेली, बंदूक. नळ्या शेजारी-शेजारी, दोन चाप, रिकामी काडतुसं बाहेर फेकणारा इजेक्टर नाही. नळ्यांची लांबी २८ इंच, म्हणजे ७११ मि.मी. उजवी हाफ चोक, डावी फुल चोक (चोक म्हणजे छर्रे कमी फैलावेत म्हणून नळीच्या तोंडाशी ठेवलेली आवळ). वजन ३ किलोच्या आसपास. तक्रार एका ओळीची: ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) करून आणल्यापासून डावी नळी पूर्वीसारखीच मारते, उजवी मात्र उजवीकडे जाते.

हे प्रकरण नमुन्यादाखल आहे. दुरुस्तीच्या बाकावर असला दोष वारंवार येतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या नळीवर खापर फुटतं. खालची मापं अशा बंदुकीत नेहमी सापडणारी आहेत. छर्रे किती सरकतात याचे आकडे त्या मापांवरूनच काढले आहेत, तेव्हा वाचणाऱ्याला ते पडताळून पाहता येतील.

मधल्या काळात बंदूक आणखी एका ठिकाणी तपासली गेली होती. तिथे नळीच्या तोंडात लेझर बसवून ४० यार्डांवरच्या (३६.६ मीटर) फळ्यावर ठिपका पाहिला. उजव्या नळीचा ठिपका नेमाच्या खुणेला जवळजवळ चिकटून, जेमतेम १ सें.मी. डावीकडे. डाव्या नळीचा ठिपका मात्र चांगला १३ सें.मी. उजवीकडे. निष्कर्ष निघाला की उजवी सरळ आहे आणि डावी वाकडी, तेव्हा डावी ‘सरळ’ करून घ्या. त्या निदानावर काम झालं असतं तर दोन्ही नळ्या बिघडल्या असत्या.

मुळात दुनळीच्या नळ्या समांतर नसतात. १२ बोअरच्या काडतुसाची कड सुमारे २२.५ मि.मी. रुंद. दोन काडतुसं शेजारी बसवायची, शिवाय चेंबरच्या (काडतूस बसण्याच्या जागेच्या) भिंती जाड ठेवायच्या, म्हणून ब्रीचपाशी, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, दोन्ही नळ्यांच्या मध्यांतलं अंतर २७ मि.मी. पडतं. पुढे भिंती पातळ होत जातात, नळ्या जवळ येतात, आणि तोंडाशी हेच अंतर २१.५ मि.मी. उरतं. म्हणजे ७११ मि.मी. लांबीत ५.५ मि.मी.ची आवळ. प्रत्येक नळी मधल्या रेषेकडे सुमारे ०.२२ अंशांनी कललेली. या रेषा पुढे वाढवल्या तर तोंडापासून तीन मीटरांच्या आतच एकमेकींना छेदतात, आणि ३६.६ मीटरवर उजव्या नळीची रेषा नेमाच्या १३ सें.मी. डावीकडे, डाव्या नळीची तितकीच उजवीकडे पडते. जागेवर स्थिर ठेवलेल्या निरोगी दुनळीत लेझरचे दोन ठिपके असे २६ सें.मी.च्या फरकाने उलटसुलट दिसणं हीच तब्येत चांगली असल्याची खूण.

मग छर्रे नेमावर कसे जातात? धक्क्यामुळे. उजवी नळी बंदुकीच्या गुरुत्वमध्याच्या उजवीकडे साधारण १२ मि.मी. असते. बार उडाला की धक्का त्या बाजूने मागे ढकलतो आणि बंदुकीचं तोंड उजवीकडे वळू लागतं. छर्रे नळीतून बाहेर पडायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ३२ ग्रॅमच्या काडतुसाने ३ किलोची बंदूक ७-८ मि.मी. मागे सरकलेली असते. तोंड वळणं, वळताना छर्ऱ्यांना मिळालेली आडवी गती आणि नळ्यांची स्वतःची लवचीक हालचाल, या सगळ्यांची बेरीज त्या १३ सें.मी.ला पुसून टाकते. घडवणारा कारागीर नळ्या आतल्या बाजूला कलवतो तो हे वळण गृहीत धरूनच.

आता लेझरचे ठिपके पुन्हा वाचले की चित्र उलटं होतं. डाव्या नळीचा ठिपका १३ सें.मी. उजवीकडे, म्हणजे जिथे हवा तिथेच. उजव्याचा ठिपका खुणेवर आहे, म्हणजे तिच्यातला १२ सें.मी.चा आतला कल हरवला आहे. धक्का मात्र आपलं काम करतोच, आणि छर्रे तेवढे उजवीकडे जातात.

पण हे कागदावरचं गणित झालं. नळ्यांना हात लावण्याआधी बार मारून बघणं भाग होतं, कारण ‘नळी वाकडी आहे’ या तक्रारीमागे बऱ्याचदा दस्ता, डोळा नाहीतर चाप निघतो.

चाचणी परवानाप्राप्त रेंजवर, १.२ मीटर चौरस कागदावर, ३६.६ मीटरवरून घ्यायची. बसून, कोपरं टेबलावर, पुढचा हात वाळूच्या पिशवीवर आणि बंदूक त्या हातात. नळ्या थेट पिशवीवर टेकवल्या तर त्यांची हालचाल बदलते आणि अख्खी चाचणी वाया जाते. बंदूक वाइसमध्ये आवळून मारणं तर त्याहून निरुपयोगी, कारण ज्या वळणावर सगळी जुळणी बेतलेली तेच अडवलं जातं. प्रत्येक नळीचे पाच बार, आलटूनपालटून, दर बाराला नवा कागद. लेझर, गेज, चिंधी जे काही नळीत घातलं असेल ते काढून, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड पाहूनच काडतूस भरायचं. तोंडाशी अडकलेली छोटीशी वस्तूही नळी फोडायला पुरते.

छर्ऱ्यांचा मध्य नजरेने ठरवू नये. डोळा दाट पुंजक्याकडे ओढला जातो आणि पुंजका दर बाराला जागा बदलतो. कागदावर उभी पट्टी सरकवत न्यायची. तिच्या डाव्या-उजव्या बाजूला छर्ऱ्यांची संख्या समान झाली की तिथे उभी रेघ मारायची. मग आडवी पट्टी घेऊन तसंच. दोन रेघा जिथे छेदतात तो त्या बाराचा मध्य. पाच मध्यांची सरासरी घेतली की एक-दोन सें.मी.पर्यंत विश्वास ठेवता येतो.

३२ ग्रॅम, ६ नंबर छर्रे, म्हणजे काडतुसात सुमारे ३०४ दाणे. निकाल असा: डाव्या नळीचा मध्य नेमाच्या १ सें.मी. डावीकडे, ३ सें.मी. वर. उजव्या नळीचा १३ सें.मी. उजवीकडे, २ सें.मी. वर. उंचीत दोघींचं जमतं, बिघाड फक्त आडवा आहे.

नेहमीची टक्केवारीची चाचणी इथे फसवते. हाफ चोकला ७५ सें.मी.च्या वर्तुळात ६० टक्के, म्हणजे १८२ च्या आसपास दाणे अपेक्षित. हे वर्तुळ फैलावाच्या स्वतःच्या मध्याभोवती काढलं तर तेवढे भरतात. नेमाभोवती काढलं तरी जेमतेम १०-१२ दाणे कमी येतात, कारण फैलावाची विरळ कड एका बाजूने बाहेर जाते आणि दाट गाभा आतच राहतो. नुसता आकडा लिहून घेणारा ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होईल. चालत्या लक्ष्यावर मात्र डाव्या बाजूची १३ सें.मी.ची सवलत गेलेली असते, आणि उजवीकडून डावीकडे जाणारी क्ले (हवेत उडवलेली मातीची तबकडी) नेमकी तिथूनच निसटते.

यानंतर एकेक संशयित वगळायचा. दस्त्याची बाक किंवा डोळ्याची सवय चुकत असेल तर दोन्ही नळ्या एकाच बाजूला जातात. इथे एकच गेली. दुसऱ्या नेमबाजाने मारूनही फरक तोच राहिला. चाप तराजूने तपासले: पुढचा, म्हणजे उजव्या नळीचा, १.७ किलोवर सुटतो आणि मागचा १.९ वर. उजवा चाप जड असता तर बोटाच्या ओढीवर शंका घेता आली असती. दस्त्याची मान आणि फोरएंडची (नळ्यांखालच्या पुढच्या लाकडाची) पकड घट्ट. नळ्या बंद केल्यावर खेळ नाही.

काडतुसाचा संशय जरा वेळ देऊन पाहण्यासारखा असतो. हलक्या भाराने धक्का कमी, वळण कमी, म्हणून दोन्ही नळ्या आत येतात आणि टोकाला एकमेकींना ओलांडतात. जड भाराने उलट होतं, दोन्ही बाहेर फाकतात. ३२ ऐवजी २४ ग्रॅमची ट्रॅपची (तबकड्यांवरच्या नेमबाजीची) काडतुसं लावली तर या बंदुकीत प्रत्येक नळीमागे फरक ३ सें.मी.च्या आसपास. प्रत्यक्षात उजवी १३ वरून १० वर आली आणि डावी १ सें.मी. डावीकडून २ सें.मी. उजवीकडे गेली. दोघी सारख्याच आत सरकल्या, याचा अर्थ बंदूक धक्क्याला नीट प्रतिसाद देते आहे. १३ सें.मी.ची चूक मात्र काडतूस बदलून भरून निघणारी नाही. (खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान वापरा की परदेशी, भाराचं वजन सारखं असेल तर या बाबतीत डबीवरच्या नावाने फारसं काही बदलत नाही. चाचणीभर एकच खोका वापरावा, इतकंच.)

उरल्या दोन शक्यता: चोक तिरका कापलेला, किंवा नळी वाकलेली. चोक ब्लूइंगने बदलत नाही आणि त्याआधी ही नळी नीट मारत होती. तरीही गेज घालून पाहिलं. बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, १८.५, तोंड १८.० मि.मी., चोकची आवळ चारही बाजूंनी सारखी.

नळी वाकल्याची खात्री दोन लेझरांनी होते आणि ही युक्ती फार कमी लोक वापरतात. चेंबरमध्ये बसणारा काडतुसाच्या आकाराचा लेझर ब्रीचपाशी नळी कुठे बघते ते दाखवतो. तोंडात बसणारा लेझर तोंड कुठे बघतं ते. सरळ नळीत दोन्ही ठिपके एकाच जागी पडतात. इथे उजव्या नळीत चेंबरचा ठिपका १३ सें.मी. डावीकडे, अगदी हवा तिथे, आणि तोंडाचा १ सें.मी. डावीकडे. दोन ठिपक्यांतले १२ सें.मी. म्हणजेच नळीचा बाक. डावीत दोन्ही ठिपके एकमेकांवर. आधीच्या तपासणीत फक्त तोंडाचा लेझर होता, म्हणून घोटाळा झाला. फक्त चेंबरचा असता तरी घोटाळाच झाला असता, कारण मग दोन्ही नळ्या निर्दोष दिसल्या असत्या.

जुनी रीत म्हणजे उजेडाकडे तोंड करून नळीतून बघणं. खिडकीच्या चौकटीची आडवी कड नळीच्या आतल्या चकाकीत सावलीची रेघ होऊन उतरते आणि नळी हळूहळू फिरवली की रेघ सरळ राहायला हवी. उजव्या नळीत ती मध्यावर डाव्या अंगाला खचत होती. सरावलेल्या नजरेला एवढंही पुरतं.

बाक आला कुठून, याचं उत्तर ब्लूइंगमध्ये. दुनळीच्या वरच्या-खालच्या पट्ट्या नळ्यांना कथील-शिशाच्या डाखाने जोडलेल्या असतात. गरम ब्लूइंगचा कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचा घोल १४० अंशांच्या आसपास उकळतो. डाख वितळायला १८० अंशांहून जास्त लागतात, त्यामुळे घोलाने तो वितळत नाही, तर रासायनिक रीतीने खाल्ला जातो. एकनळी बंदुकीला हे ब्लूइंग चालतं, दुनळीला चालत नाही. तारेला टांगून लाकडी दांडीने टिचकी मारली की निरोगी जोडी घंटेसारखी निनादते. ही जोडी त्या वेळी खडखडली असणार, म्हणून पट्ट्या काढून पुन्हा जोडल्या गेल्या. डाखाची ताजी, जाड कड पट्टीच्या काठाला दिसतच होती.

खालची पट्टी उचलल्यावर कारण उघडं पडलं. नळ्यांच्या मधे, पट्टीखाली, ठरावीक अंतरांवर लोखंडाचे छोटे कथील लावलेले तुकडे बसवलेले असतात. दोन नळ्यांतलं अंतर तेच धरून ठेवतात. तोंडाशी पाचर जागेवर होती, मधले तुकडे गायब. पट्टी सुटली तेव्हा ते पडले आणि परत घातले गेले नाहीत. डावी नळी सपाट लाकडी साच्यावर टेकवून उजवीच्या बाजूने क्लँप आवळला, आणि आधार नसलेली उजवी नळी मधोमध आत ओढली गेली. तशातच डाख गार झाला.

वरची पट्टी अजून जागेवर असतानाच खालून मापं घ्यायची. दोन्ही पट्ट्या निघाल्या की नळी स्प्रिंगसारखी परत येते आणि पुरावा हातचा जातो. मध्यांतलं अंतर ब्रीचपासून तोंडापर्यंत सरळ रेषेत कमी व्हायला हवं: ब्रीचला २७.०, पाव लांबीवर २५.६, अर्ध्यावर २४.२५, पाऊण लांबीवर २२.९, तोंडाला २१.५ मि.मी. मिळालं असं: २७.०, २५.३, २३.५५, २२.३५, २१.५. दोन्ही टोकं अचूक, चूक पोटात. मधोमध ०.७ मि.मी.

०.७ मि.मी. ऐकायला क्षुल्लक वाटतं. ब्रीचला लंपात (नळ्यांखालच्या ठोकळ्यात) घट्ट धरलेली आणि तोंडाशी पाचरीने अडवलेली नळी मधे ०.७ मि.मी. आत दाबली, तर तोंडाची दिशा सुमारे ३.४ मिलिरेडियनने बाहेर वळते. ३६.६ मीटरवर हे १२ सें.मी. होतात. याउलट सगळेजण ज्या तोंडाच्या अंतराकडे बघतात ते ०.६ मि.मी.ने चुकलं, म्हणजे नळीमागे ०.३, तर छर्रे फक्त २-२.५ सें.मी. सरकतात. तोंडाशी कॅलिपर लावून ‘जुळणी बरोबर’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि २०.७ मि.मी. बाहेरच्या व्यासाची, मिलीमीटरभर जाड भिंतीची ही नळी एवढी वाकवायला जोर किती लागतो? साधारण १४ किलोचा. क्लँपचा स्क्रू दोन बोटांनी फिरवला तरी त्याहून जास्त दाब येतो.

दुरुस्तीचं काम परवानाधारक कारागिराकडेच. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, आणि इथे तर भट्टी आणि डाखाचं काम आहे. क्रम पुढीलप्रमाणे.

वरची पट्टीही काढली. उजवी नळी परत येऊन मधलं अंतर २४.१ झालं. ०.१५ मि.मी.ची तूट राहिली, ती तुकड्यांनी भरून निघते. नळी प्रेसवर वाकवायची गरज पडली नाही. बाक कायमचा बसला असता तर तीन टेकूंवर, थंड अवस्थेत, दर दाबानंतर सावलीची रेघ बघत ती सरळ करावी लागली असती.

पट्टीखालचे खार, जुना डाख, गंज पूर्ण साफ. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळणं, ब्रश, परत उकळणं. ब्लूइंगचे खार कोपऱ्यात राहिले तर वर्षभरात आतून नळी खातात. याच वेळी भिंतीची जाडी मोजायची आणि गंजाचे खड्डे बघायचे. खड्डे खोल असतील तर पुढचं काम थांबवून बंदूक वापरातून काढणंच शहाणपणाचं.

नवे तुकडे सौम्य पोलादाच्या पट्टीतून. जाडी म्हणजे त्या जागेचं मध्यांतलं अंतर वजा दोन्ही नळ्यांच्या बाहेरच्या व्यासांची निम्मी बेरीज. अर्ध्या लांबीवर २४.२५ वजा २०.७, म्हणजे ३.५५ मि.मी. पाऊण लांबीवर व्यास २०.१, तुकडा २.८ मि.मी. इथे ०.०५ मि.मी.च्या आत काम हवं. तुकडे आणि नळ्यांच्या जोडाच्या जागा आधी कथलाने माखून घ्यायच्या. मग तारेने बांधणी, पाचरी, आणि नळ्यांत तापवलेल्या लोखंडी सळया सरकवून आतून उष्णता. बाहेरून ज्योत मारली तर एक बाजू आधी तापते आणि नळी पुन्हा बाक धरते. फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचा लेप) राळेचा. आम्लाचा फ्लक्स झटपट चालतो, पण पट्टीखाली अडकला की तो गंजाचा कारखाना. डाख थिजेपर्यंत बांधणीला हात लावायचा नाही.

गार झाल्यावर पुन्हा टिचकी, पुन्हा दोन लेझर. उजव्या नळीत चेंबर आणि तोंड दोन्ही ठिपके आता १२-१३ सें.मी. डावीकडे. म्हणजे आधीच्या तपासणीच्या भाषेत नळी आता ‘वाकडी’ झाली.

कागदावर: उजवी २ सें.मी. उजवीकडे, डावी १ सें.मी. डावीकडे, उंची पूर्वीइतकीच. हे दोन सें.मी. घालवायला चोक एका बाजूने घासता येतो. ज्या बाजूला फैलाव न्यायचा त्या बाजूचा धातू काढायचा. पण दर ०.१ मि.मी.ला चोक तेवढाच उघडतो आणि काढलेला धातू परत येत नाही. हाफ चोकची आवळच मुळात ०.५ मि.मी. पाच सें.मी.च्या आतल्या फरकासाठी हा उपाय करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि इथे केला नाही.

एकावर-एक नळ्यांच्या बंदुकीत हाच हिशोब उभा होतो. खालची नळी खांद्याच्या रेषेजवळ, म्हणून तोंड कमी उचलतं. वरची जास्त उचलते. आडव्या फाकण्याचा प्रश्न जवळपास राहत नाही, उंचीचा राहतो. क्रीगहॉफ के-८० सारख्या ट्रॅपच्या बंदुकीत तोंडाशी बदलता येणारा हँगर (नळ्या धरून ठेवणारा तुकडा) असतो. तो बदलला की खालच्या नळीचा मारा वर-खाली होतो आणि डाखाला हात लावावा लागत नाही. शेजारी-शेजारी नळ्यांना अशी सोय नाही.

ब्लूइंग शेवटी पुन्हा करावंच लागलं, या वेळी सावकाश गंजाचं: द्रावण लावायचं, दमट पेटीत गंज धरू द्यायचा, साध्या पाण्यात उकळायचं, बारीक तारेच्या ब्रशने काळा थर घासायचा, आणि रंग बसेपर्यंत हे सहा ते दहा वेळा. पाण्याचं तापमान १०० अंशांवर जात नाही, सोडा नाही, डाखाला धोका नाही. बंदुकीसोबत द्यायच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहिल्या: ३२ ग्रॅम भाराला जुळवलेली, २४ ग्रॅमला नळ्या प्रत्येकी ३ सें.मी. आत येतील, तोंडाच्या लेझरचे ठिपके १३ सें.मी. उलटसुलट दिसणं बरोबर, आणि गरम ब्लूइंग करू नये.